फाईलचे नाव आणि आपले दफ्तर

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे पाठवावीत, असे आवाहन स्मरणिका मंडळाने माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर केले, तेव्हा एवढा प्रतिसाद मिळेल अशी कल्पना आम्हां कोणालाच नव्हती. दोन महिन्यांत सहाशेहून अधिक छायाचित्रे जमा झाली. वसतिगृहाच्या पत्र्याच्या पहिल्या खोल्या, विहाराच्या पायाभरणीचे श्रमदान, चौदा एप्रिलची मिरवणूक, स्नेहसंमेलनातील नाटके, दहावीच्या निरोपसमारंभात रडवेले झालेले चेहरे. पाहताना मन भरून आले. पुढे ती पृष्ठांवर बसवण्याची वेळ आली आणि पंचाईत झाली. बहुतेक फायलींची नावे ‘आयएमजी’ या अक्षरांनी सुरू होत होती आणि पुढे नुसते आकडे होते. उरलेल्यांत ‘ओल्ड’, ‘शाळा’, ‘सर’, ‘नवीन’ अशी नावे होती. ‘फोटो १’ या नावाच्या तर अकरा फायली निघाल्या, आणि त्या अकरांमध्ये कोणताही मेळ नव्हता.

इतिहासाचा शिक्षक म्हणून हे काम माझ्याकडे आले. एकेका छायाचित्रासाठी पाठवणाऱ्यास दूरध्वनी करायचा, हे कधीचे, कुठले, यात कोण कोण, असे विचारायचे आणि वहीत टिपायचे. पुष्कळदा उत्तर येई, “सर, मला कोणीतरी फॉरवर्ड केले होते.” ज्याने फॉरवर्ड केले त्यालाही ते असेच आले होते. अशा रीतीने जवळजवळ दोनशे छायाचित्रे आज आमच्यापाशी आहेत आणि ती कोणाची, कधीची, हे आम्हांला सांगता येत नाही. ती या अंकात छापलेली नाहीत.

संगणकातील फाईलला नीट नाव देणे हे कारकुनी काम आहे, ते कोणी तरी फावल्या वेळात करील, असे आपण समजतो. माझे मत निराळे आहे. आपल्यासारख्या समाजाच्या बाबतीत हे इतिहासलेखनाचे पहिले काम आहे, आणि ते ज्याच्या हाती मोबाईल आहे त्या प्रत्येकाने करायचे आहे. हे मत मी पुस्तक वाचून बनवलेले नाही. त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. ती इथे सांगितल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार पोहोचत नाही.

२००९ साली नववीतील दोन मुलींना मी दिवाळीच्या सुट्टीत एक काम दिले होते. आपल्या गावातील ज्या वृद्ध व्यक्तीने १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा डोळ्यांनी पाहिला असेल, तिची मुलाखत घेऊन या. मुलींनी एका आजींना बोलते केले. मोबाईलवर तासाभराचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि सुट्टी संपल्यावर शाळेच्या संगणकात उतरवून ठेवले. मी ते एकदा ऐकले, मुलींना शाबासकी दिली आणि पुन्हा सावकाश ऐकू म्हणून तसेच ठेवले. फाईलचे नाव मोबाईलने दिले तेच राहिले, ‘व्हॉइस ००३’. पुढे सात वर्षांनी संगणकाची जागा भरली. निकालपत्रके ठेवायला जागा उरेना, तेव्हा मी एका दुपारी बसून निरुपयोगी वाटणाऱ्या फायली पुसून टाकल्या. ‘व्हॉइस ००१’ ते ‘व्हॉइस ००९’ या नऊ फायली मी उघडूनही पाहिल्या नाहीत. आजी तोवर कालकथित झाल्या होत्या. त्या तासाभराच्या बोलण्यातले एकच वाक्य आज शिल्लक आहे, कारण एका मुलीने ते प्रकल्पवहीत उतरवून घेतले होते. पांढरे लुगडे घेण्यासाठी सासऱ्यांनी शेळी विकली होती, असे आजी म्हणाल्या होत्या. बाकीचे मी पुसले. त्या फाईलवर आजींचे नाव आणि ‘धम्मदीक्षा’ हा एक शब्द असता, तर माझा हात थांबला असता, याविषयी मला शंका नाही.

आपल्या परंपरेत नाव घालण्याची रीत नव्हती असे कोणी म्हणू नये. लोणावळ्याजवळ कार्ल्याचे चैत्यगृह आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले आहे. तेथील स्तंभांवर आणि भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ब्राह्मी लिपीत कोरलेले छोटे छोटे दानलेख आहेत. भाषा प्राकृत, सामान्य माणसाची. एका लेखात धेनुकाकट या गावच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दर्शनी द्वार दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात त्याच गावच्या सामि नावाच्या सुताराने द्वार घडवल्याची नोंद आहे. गाव, व्यवसाय, नाव, दिलेली वस्तू, इतकेच. एकही शब्द जास्त नाही. छिन्नीने दगड फोडून लिहायचे असल्याने शब्द मोजकेच वापरावे लागत, पण काय गाळायचे नाही हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते. त्या काळचा कोणी मोठा सरदार आज आपल्याला ठाऊक नसेल, पण एका सुताराचे नाव आणि गाव ठाऊक आहे. संगणकातील फाईलला नाव कसे द्यावे, असे मुले विचारतात तेव्हा मी त्यांना कार्ल्याचा हा नमुना सांगतो.

नाव गाळले की काय होते, याचाही दाखला बौद्ध इतिहासातच आहे. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली आणि देशभरच्या शिलालेखांतून ‘देवानंपिय पियदसि’ राजा बोलू लागला. पण हा राजा कोण? लेखांत उपाधी होती, नाव नव्हते. आधी तर तो सिंहलद्वीपाचा राजा असावा असा समज झाला. पुढे पाली ग्रंथांच्या आधारे तो अशोक असल्याचे अनुमान निघाले, पण लेखातच स्पष्टपणे ‘अशोक’ असे नाव मिळाले ते १९१५ साली, कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यातल्या मस्की येथील शिलालेखात. लिपी वाचता आल्यानंतरही पाऊणशे वर्षे पुरावा एका शब्दासाठी अडून राहिला होता. सम्राटाची ही गत, तर आमच्या ‘आयएमजी’ची काय कथा!

बाबासाहेबांच्या चरित्रातीलही एक नोंद पाहावी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव आहे आणि अनुक्रमांक १९१४ आहे. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. त्या दिवशी रजिस्टर लिहिणाऱ्या कारकुनाला आपण कोणाचे नाव लिहीत आहोत, याची सुतराम कल्पना नसणार. त्याने इतर मुलांचे लिहिले तसेच हेही लिहिले. दिनांक, क्रमांक, पूर्ण नाव. पुढे कोण मोठा होणार हे आधी ठरवून नोंदी करता येत नाहीत, म्हणून सगळ्यांच्याच कराव्या लागतात. आमच्या वसतिगृहातल्या मागच्या रांगेतल्या मुलांविषयीही मी हेच म्हणेन.

ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांचे कागद राहिले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून, क्रमांक घालून ठेवले गेले. म्हणूनच गो. स. सरदेसाई यांना १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित करता आले. आपल्या आजोबा-पणजोबांचा रुमाल कोठेच नव्हता. पत्र्याच्या पेटीत दोन-चार दाखले, एखादा गटफोटो, ‘जनता’चा वा ‘प्रबुद्ध भारत’चा जपून ठेवलेला अंक, यापलीकडे घरात काही नसे, आणि तेही पावसात भिजे. आज पहिल्यांदाच अशी वेळ आली आहे की प्रत्येक घरात छायाचित्र काढण्याचे, आवाज टिपण्याचे, कागद स्कॅन करण्याचे साधन आहे आणि ते जगभर पाठवता येते. दफ्तर आपले आपणच बांधू शकतो. मात्र गठ्ठ्यावर चिठ्ठी लावायला आपण विसरत आहोत.

आता प्रत्यक्ष कामाचे बोलतो. पहिला प्रश्न तारखेचा. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी आणि महिना व दिवस दोन अंकी ठेवावेत. १४ एप्रिल १९८९ हा दिवस ‘१९८९-०४-१४’ असा लिहिला की फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. आपण नेहमी लिहितो तसा दिवस आधी लिहिला, तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र, मग सगळ्या दोन तारखा एकत्र, असा गोंधळ होतो. शिवाय अमेरिकेत महिना आधी लिहितात. तिथे राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याने ‘६-१२-१९५६’ हे बारा जून असे वाचले, तर त्याला दोष कसा देणार? वर्ष आधी लिहिण्याची ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकात आहे आणि तिच्यात असा घोटाळा होत नाही. तिरकी रेघ मात्र तारखेत घालू नये. संगणक फाईलच्या नावात ती स्वीकारत नाही. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्ह ही विंडोजमध्ये चालत नाहीत. (इथे मी देवनागरी अंक छापले आहेत. संगणकावर मात्र सर्वांनी इंग्रजी अंकच वापरावेत. काहींनी हे आणि काहींनी ते वापरले, तर दोघांच्या फायलींचा क्रम एकत्र लागत नाही.)

तारीख कोणती, हेही पाहिले पाहिजे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या छायाचित्राच्या नावात जी तारीख असते ती पाठवणी-पोचवणीची असते, छायाचित्र काढल्याची नसते. जुने छायाचित्र गेल्या वर्षी स्कॅन केले, तर यंत्र गेल्या वर्षीची तारीख टाकते. अशा एका फाईलवरून आमच्या कालकथित संस्थापक-मुख्याध्यापकांचे छायाचित्र त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी काढलेले ठरत होते! नेमका दिवस माहीत नसेल तर नुसते वर्ष लिहावे. वर्षही नक्की नसेल तर ‘१९८५-सुमारे’ असे लिहावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात की खोटी नेमकी तारीख ही तारीख नसण्यापेक्षा अधिक घातक असते. कारण पुढचा माणूस शोध घेणे थांबवतो. समाजमाध्यमांवर बाबासाहेबांचे एकच छायाचित्र एकदा महाडचे म्हणून, एकदा नाशिकचे म्हणून फिरताना आपण पाहतो. महाडचा सत्याग्रह १९२७ चा आणि काळाराम मंदिराचा १९३० चा. कोणीतरी भक्तिभावाने, पण न तपासता घातलेले नाव हजारो मोबाईलमध्ये जाऊन बसते आणि मग ते खोडून काढणे कोणाच्याच हाती राहत नाही.

तारखेनंतर ठिकाण, मग प्रसंग, मग माणूस आणि शेवटी क्रमांक. ‘१९८९-०४-१४_वसतिगृह_जयंती-मिरवणूक_०३’ एवढे नाव पुरेसे आहे. क्रमांक ‘३’ असा न लिहिता ‘०३’ लिहावा, नाहीतर अनेक ठिकाणी एकानंतर दहा आणि मग दोन असा क्रम लागतो. ज्याने छायाचित्र काढले वा ज्याच्या घरातून ते मिळाले त्याचे आडनाव शेवटी जोडता आले तर उत्तम. पुढे काही शंका आली तर कोणाला विचारायचे हे कळते. नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी जेपीजी, पीडीएफ ही अक्षरे मात्र नाव बदलताना पुसू नयेत. ती पुसली की फाईल कोणत्या प्रकारची आहे हे संगणकाला कळत नाही.

माणसाच्या नावाविषयी मला थोडे कडू बोलायचे आहे. जमा झालेल्या छायाचित्रांपैकी ज्यांना नीट नावे होती त्यांत बहुसंख्य छायाचित्रे प्रमुख पाहुण्यांची होती. मंत्रिमहोदयांचे पूर्ण नाव, पदासह, आणि शेजारी ‘इतर’. त्या ‘इतर’मध्ये आमच्या स्वयंपाकघरात तेवीस वर्षे भाकऱ्या थापणाऱ्या मावशी होत्या. रात्री तापाने फणफणलेल्या मुलाला सायकलवर बसवून दवाखान्यात नेणारे शिपाईमामा होते. कार्ल्याच्या लेण्यात सुताराचे नाव आहे आणि आमच्या स्मरणिकेच्या फोल्डरमध्ये मावशींचे नाव नाही, हे मला लागले. फाईलच्या नावात सगळी माणसे मावत नाहीत, हे मान्य. त्यासाठी त्याच फोल्डरमध्ये एक साधी यादी ठेवावी. फाईलचे नाव, आणि पुढे डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव. ज्यांचे ठाऊक नाही तिथे ‘इतर’ न लिहिता ‘नाव मिळाले नाही’ असे लिहावे. म्हणजे ते शोधायचे राहिले आहे, हे पुढच्याला समजते.

नाव मराठीत लिहावे की रोमन लिपीत, यावर आमच्या मंडळात बराच वाद झाला. आजचे संगणक आणि मोबाईल देवनागरी नाव उत्तम रीतीने दाखवतात, त्यामुळे घरातल्या आणि शाळेतल्या संग्रहात देवनागरीच असावी, असे माझे मत आहे. आपल्या आईलाही ते वाचता आले पाहिजे. (जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये टंकलेली नावे मात्र दुसऱ्या संगणकावर अगम्य दिसतात. युनिकोडच वापरावे.) संकेतस्थळावर चढवून दुवा पाठवायचा असेल, तर तेवढ्यापुरती वेगळी, छोटी रोमन नावाची प्रत करावी. याला कारण आहे. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलन्त यांचे दुव्यात टक्केचिन्हांसह नऊ-नऊ चिन्हांत रूपांतर होते. ‘दीक्षाभूमी’ हा एक शब्द दुवा नकलताना नव्वद चिन्हांचा होऊन बसतो. असा दुवा गटावर टाकला की तो मध्येच तुटतो आणि पाहणारा ‘उघडत नाही’ असे लिहून मोकळा होतो. रोमन नावातही शब्दांमध्ये मोकळी जागा सोडू नये. पुष्कळदा दुवा तिथेच संपला असे मोबाईल समजतो. मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ घालावी. अक्षरे सगळी लहान लिपीतली ठेवावीत. आपल्या घरच्या विंडोज संगणकाला मोठ्या आणि लहान अक्षरांचा फरक वाटत नाही, पण संकेतस्थळे ज्या यंत्रांवर ठेवलेली असतात त्यांपैकी बहुतेकांना तो वाटतो.

आणि शब्दलेखन एकच असावे. ‘आंबेडकर’ आणि ‘आम्बेडकर’ हे वाचणाऱ्याला एकच आहेत, पण फायली शोधताना संगणक बहुधा दोन्ही एकच धरत नाही. रोमनमध्ये ‘दीक्षाभूमी’ आमच्याकडे पाच प्रकारे लिहून आली. कोणते बरोबर यावर भांडत बसण्यापेक्षा एक निवडून भिंतीवर कागद लावला आणि वाद मिटवला.

एकाच मजकुराच्या अनेक प्रती, हे आणखी एक दुखणे. या अंकाच्या संपादकीयाच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरे’ आणि ‘फायनल खरे २’ अशा फायली माझ्या संगणकात आहेत. हसण्यासारखेच आहे. पण हसताना मला एका गंभीर गोष्टीची आठवण होते. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचे खंड प्रकाशित करण्यास आरंभ केला आणि वसंत मून यांनी त्या कामाला आयुष्य वाहिले. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथाच्या संपादनात काय अडचण आली ते त्या खंडाच्या निवेदनात आहे. नियोजित प्रकरणांची यादी मिळाली, पण फाईलमधील प्रकरणांचा क्रम त्या यादीशी जुळत नव्हता. काही प्रकरणे गठ्ठ्यात नव्हतीच. बाबासाहेबांच्या बाबतीत कारणे उघड आहेत. ढासळती प्रकृती, एकाच वेळी हाती असलेले अनेक ग्रंथ, आणि परिनिर्वाणानंतर त्यांच्या कागदपत्रांची झालेली आबाळ. आमच्यापाशी असे कोणतेही कारण नाही. ‘फायनल’ हा शब्दच फाईलच्या नावातून हद्दपार करावा आणि नावाच्या शेवटी ‘प्रत-०१’, ‘प्रत-०२’ असे लिहावे. सर्वांत मोठा आकडा सर्वांत नवी प्रत, हे मग कोणालाही सांगावे लागत नाही.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. जात वैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती, वसतिगृहप्रवेश, सगळे अर्ज आता ऑनलाइन भरले जातात. अनुसूचित जातींच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या नोंदीला महत्त्व असते, म्हणून आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा शोधत आपण गावोगाव हिंडतो. एवढ्या कष्टाने मिळालेला कागद स्कॅन होतो आणि त्याचे नाव राहते ‘स्कॅन ०००१’. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी दोघा भावांची प्रमाणपत्रे एकाच मोबाईलमध्ये ‘कास्ट’ आणि ‘कास्ट १’ या नावांनी होती. मुदतीच्या शेवटच्या रात्री धाकट्याच्या अर्जाला थोरल्याचे प्रमाणपत्र जोडले गेले, आणि मुलाचे एक वर्ष गेले. ‘जात-प्रमाणपत्र_’ असे लिहून पुढे मुलाचे नाव आणि प्रमाणपत्राचे वर्ष घालायला अर्धा मिनिट लागतो. मात्र आधार क्रमांक वा मोबाईल क्रमांक फाईलच्या नावात कधीही घालू नका. फाईल न उघडताही नाव सगळ्या गटाला दिसते.

आमचे तरुण माजी विद्यार्थी म्हणतात, “सर, आता यंत्रच चेहरे ओळखते, एवढा खटाटोप कशाला?” यंत्र ओळखते ते दोन छायाचित्रांतील चेहरा एकच आहे, एवढेच. तो चेहरा कोणाचा, हे त्याला एकदा तरी कोणीतरी सांगावे लागते. आमच्या मावशींचे नाव सांगू शकणारी माणसे आज साठीच्या पुढे आहेत. खटाटोप आहे तो त्यांच्या हयातीपुरताच आहे. आणखी वीस वर्षांनी तो करायचा म्हटले तरी करता येणार नाही.

शाळेच्या संगणककक्षात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात आम्ही चौघे बसतो. छायाचित्रे, पत्रे, दाखले, जुनी निमंत्रणपत्रे, ध्वनिफिती, जे असेल ते घेऊन यावे. आम्ही प्रत काढून, नाव घालून मूळ वस्तू तिथल्या तिथे परत करतो. येणे शक्य नसेल त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे तुम्ही दिलेले नाव तसेच राहते आणि छायाचित्राचा दर्जाही घटत नाही.

पहिल्या तुकडीच्या गटफोटोचे काम अजून अपुरे आहे. एकतीस मुले आहेत. सव्वीस ओळखली गेली. दुसऱ्या रांगेतले तिघे बहुधा एकाच गावचे असावेत, कारण तिघांच्या सदऱ्यांचे कापड एकच दिसते. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरा मुलगा कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूला पाहतो आहे आणि त्याच्या हातात पाटी आहे. पाटीवर काही लिहिलेले आहे, पण वाचता येत नाही. त्याच्या शेजारच्याचा चेहरा डागामुळे पुसट झाला आहे. ज्यांना या पाचांपैकी कोणी ओळखू येईल त्यांनी कळवावे. यादीत त्यांच्या पुढे जागा सोडलेली आहे.